दावोर शुकेर : सहा गोल आणि नव्या देशाची ओळख

पॅरिसच्या पार्क दे प्रान्स मैदानावर ११ जुलै १९९८ रोजी विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील तिसऱ्या क्रमांकासाठी सामना झाला. एरवी या सामन्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. अंतिम फेरी हुकलेले दोन संघ औपचारिकता पार पाडण्यासाठी मैदानात उतरतात, अशीच सर्वसाधारण समजूत असते. त्या दिवशी मात्र क्रोएशियाचे खेळाडू नेदरलँड्ससारख्या बलाढ्य संघाविरुद्ध जिवाची बाजी लावून खेळले. सामना १-१ असा बरोबरीत असताना ३६ व्या मिनिटाला नऊ क्रमांकाची जर्सी घातलेल्या दावोर शुकेरने डाव्या पायाने चेंडू जाळ्यात धाडला आणि क्रोएशियाने हा सामना २-१ असा जिंकला.

या एका गोलाने दोन गोष्टी साधल्या. सामन्यापूर्वी शुकेर, अर्जेंटिनाचा बातिस्तुता आणि इटलीचा विएरी या तिघांच्या नावावर प्रत्येकी पाच गोल होते. सहाव्या गोलामुळे सर्वाधिक गोलांसाठीचा 'गोल्डन बूट' एकट्या शुकेरच्या पदरात पडला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जेमतेम ४५ लाख लोकसंख्येच्या आणि स्वातंत्र्याची घोषणा करून अवघी सात वर्षे झालेल्या देशाने आपल्या पहिल्याच विश्वचषकात तिसरा क्रमांक पटकावला. क्रोएशिया नकाशावर नेमका कुठे आहे, हे जगातील असंख्य लोकांनी त्या उन्हाळ्यात प्रथमच शोधून पाहिले.

शुकेरची कारकीर्द समजून घ्यायची तर केवळ गोलांची बेरीज पुरेशी नाही. ज्या वयात आघाडीपटू बहरात असतो, त्या वयातील काही वर्षे त्याच्याकडे खेळण्यासाठी राष्ट्रीय संघच नव्हता. ती वर्षे कशी गेली आणि त्यांची भरपाई त्याने कशी केली, हा या कारकिर्दीचा खरा गाभा आहे.

चिलीतील विजेते

शुकेरचा जन्म १ जानेवारी १९६८ रोजी ओसियेक येथे झाला. द्रावा नदीकाठचे हे शहर तेव्हा युगोस्लाव्हियात होते. गावच्याच ओसियेक क्लबकडून तो वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी वरिष्ठ संघात दाखल झाला. १९८८-८९ च्या मोसमात १८ गोल करून तो युगोस्लाव्ह लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. एका मध्यम कुवतीच्या क्लबकडून खेळताना हे यश मिळवणे सोपे नव्हते. त्यानंतर दिनामो झाग्रेब या बड्या क्लबने त्याला करारबद्ध केले.

तत्पूर्वी १९८७ मध्ये चिलीत झालेली जागतिक युवा स्पर्धा युगोस्लाव्हियाने जिंकली होती. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला त्यांनी पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवले. प्रशिक्षक मिर्को योझिच यांच्या त्या संघात शुकेरसह बोबन, प्रोसिनेच्की, यार्नी, स्टिमॅच आणि मॉंटेनेग्रोचा मियातोविच असे एकाहून एक गुणी खेळाडू होते. शुकेरने त्या स्पर्धेत सहा गोल केले. ही पिढी पुढील दहा वर्षे युरोपवर राज्य करील, असे भाकीत जाणकारांनी तेव्हाच केले होते. पिढीने राज्य केलेही. पण त्यापूर्वी तिचा देशच उरला नाही.

१९९० मध्ये युगोस्लाव्हियाच्या ऐक्याला तडे जाऊ लागले. मे महिन्यात झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानावर दिनामो आणि बेलग्रेडचा रेड स्टार यांच्यातील सामना प्रेक्षकांच्या दंगलीमुळे खेळवताच आला नाही. त्याच वर्षी इटलीतील विश्वचषकासाठी निवडलेल्या युगोस्लाव्ह संघात शुकेर होता, परंतु एकाही सामन्यात त्याला मैदानात उतरण्याची संधी मिळाली नाही. युगोस्लाव्हियाकडून त्याच्या खात्यावर अवघे दोन सामने आहेत.

हरवलेली वर्षे

१९९१ च्या उन्हाळ्यात क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि युद्धाला तोंड फुटले. शुकेरचे ओसियेक तोफांच्या माऱ्याखाली आले. जवळचेच वुकोवार शहर वेढ्यात सापडून नोव्हेंबरमध्ये पडले. याच वर्षी शुकेर स्पेनमधील सेव्हिया क्लबकडे गेला.

इथे फुटबॉलच्या कारभारातील एक तांत्रिक बाब लक्षात घ्यावी लागते. देश स्वतंत्र झाला म्हणजे त्याचा संघ लगेच विश्वचषकाला पात्र ठरत नाही. त्यासाठी जागतिक महासंघाचे, म्हणजे 'फिफा'चे सदस्यत्व लागते. १९९४ च्या विश्वचषक पात्रता फेरीची गटवारी डिसेंबर १९९१ मध्येच ठरली होती आणि क्रोएशियाला 'फिफा'त प्रवेश मिळाला तो जुलै १९९२ मध्ये. साहजिकच १९९२ ची युरो स्पर्धा आणि १९९४ चा विश्वचषक या दोन्हींना शुकेर व त्याचे सहकारी मुकले. मित्रत्वाचे मोजके सामने सोडले तर देशाकडून खेळण्याची सोयच नव्हती. क्रोएशियाची पहिली अधिकृत पात्रता फेरी सुरू झाली तेव्हा शुकेर २६ वर्षांचा होता.

या काळात त्याने आपली सगळी ऊर्जा सेव्हियासाठी खर्च केली. पाच मोसमांत लीगच्या १५३ सामन्यांत त्याने ७६ गोल केले. १९९२-९३ मध्ये साक्षात दिएगो मॅराडोना तिथे त्याचा सहकारी होता. त्याच्या पुढच्याच मोसमात शुकेरच्या नावावर २४ गोल जमा झाले. युद्धाच्या बातम्या रोज घरून येत असताना परक्या देशात, परक्या भाषेत त्याने मिळवलेले हे सातत्य कौतुकास्पद होते.

वेगाविना धार

शुकेर फार वेगवान नव्हता. अंगापिंडाने दणकट किंवा हेडरसाठी नावाजलेला आघाडीपटूही तो नव्हे. मग तो इतके गोल कसे करीत असे? याचे उत्तर त्याच्या डाव्या पायात आणि त्याहून अधिक त्याच्या डोक्यात दडलेले आहे.

चेंडूवरील त्याचा पहिला स्पर्श इतका अचूक असे, की बचावपटूला पुढे सरसावण्यासाठी मिळणारा क्षणच तो हिरावून घेई. पहिल्या स्पर्शातच चेंडू डाव्या पायाच्या सोयीच्या जागी पडला, की फटक्यासाठी लांब तयारी करावी लागत नाही. दुसरे म्हणजे तो बचावफळीच्या अगदी काठावर उभा राहत असे. पास निघण्याच्या क्षणी एक पाऊल आधी सरकले की वेगाची उणीव भरून निघते, हे गणित त्याला पक्के ठाऊक होते. तिसरी बाब म्हणजे गोलरक्षकासमोरची स्थितप्रज्ञता. बहुतेक खेळाडू अशा वेळी ताकदीने फटका मारतात. शुकेर वाट पाहत असे. गोलरक्षक हलला, की उरलेल्या जागेतून किंवा त्याच्या डोक्यावरून तो चेंडू अलगद काढून देई.

१९९६ च्या युरो स्पर्धेत शेफिल्डच्या मैदानावर डेन्मार्कविरुद्ध त्याने केलेला गोल हे याचे सर्वोत्तम उदाहरण मानले जाते. समोर होता पीटर श्मायकेल, त्या काळातील जगातील अव्वल गोलरक्षकांपैकी एक. धिप्पाड श्मायकेल कोन अरुंद करण्यासाठी पुढे आला आणि शुकेरने डाव्या पायाने चेंडू हलकेच उचलून त्याच्या डोक्यावरून जाळ्यात सोडला. गतविजेता डेन्मार्क ३-० असा पराभूत झाला.

या स्पर्धेच्या पात्रता फेरीत शुकेरने १२ गोल केले होते. नोव्हेंबर १९९४ मध्ये पालेर्मो येथे विश्वचषक उपविजेत्या इटलीला त्यांच्याच भूमीवर क्रोएशियाने २-१ असे नमवले, तेव्हा दोन्ही गोल त्याचेच होते. युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत मात्र मँचेस्टर येथे जर्मनीने क्रोएशियाला २-१ असे रोखले. शुकेरने बरोबरीचा गोल करूनही स्टिमॅचला लाल कार्ड मिळाल्यावर क्रोएशियाचा निभाव लागला नाही. हा पराभव संघाच्या जिव्हारी लागला.

राखीव बाकावरून विश्वचषकाकडे

१९९६ मध्ये शुकेर रेआल माद्रिदमध्ये दाखल झाला. फाबिओ कापेलो यांच्या मार्गदर्शनाखाली पहिल्याच मोसमात माद्रिदने लीगचे विजेतेपद मिळवले आणि शुकेरने २४ गोल केले. चिलीतील जुना सहकारी मियातोविच इथे पुन्हा त्याच्या साथीला होता. दोघांचे देश आता वेगळे होते, जर्सी मात्र पुन्हा एक झाली होती.

पण मोठ्या क्लबमध्ये जागा टिकवणे हे जागा मिळवण्याहून अवघड. पुढच्या मोसमात तरुण मोरिएन्तेस आला आणि शुकेरवर राखीव बाकावर बसण्याची वेळ वारंवार येऊ लागली. २० मे १९९८ रोजी अॅमस्टरडॅममध्ये युव्हेंटसला १-० असे हरवून माद्रिदने ३२ वर्षांनी युरोपीय विजेतेपद मिळवले. तो ऐतिहासिक गोल मियातोविचने केला आणि सामना संपता संपता त्याच्याच जागी शुकेरला मैदानात धाडण्यात आले. विजेत्या संघाचे पदक गळ्यात पडले, पण योगदान काही क्षणांचे. विश्वचषक तीन आठवड्यांवर असताना तीस वर्षांच्या आघाडीपटूची ही स्थिती होती.

मिरोस्लाव्ह ब्लाझेविच यांनी तरीही त्याच्यावरच भिस्त ठेवली. त्यातच दुसरा प्रमुख आघाडीपटू अॅलेन बोकसिच दुखापतीमुळे स्पर्धेबाहेर गेला होता. जमैकाविरुद्ध एक आणि जपानविरुद्ध सामन्यातील एकमेव गोल करून शुकेरने खाते उघडले. अर्जेंटिनाकडून हार पत्करावी लागली तरी संघ बाद फेरीत पोहोचला.

रुमानियाविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर क्रोएशियाला पेनल्टी मिळाली. शुकेरने ती जाळ्यात मारली. मात्र खेळाडू वेळेआधीच पेटीत शिरल्याने पंचांनी ती पुन्हा घ्यायला लावली. अशा वेळी भलेभले डळमळतात. शुकेरने दुसऱ्यांदाही चेंडू बिनचूक मारला आणि तोच सामन्यातील एकमेव गोल ठरला.

उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा जर्मनी समोर होता. शुकेरला पाडल्याबद्दल जर्मन बचावपटू वोर्न्सला मैदान सोडावे लागले आणि दोन वर्षांपूर्वीचे पारडे फिरले. यार्नी, व्लाओविच आणि शुकेर यांच्या गोलांनी क्रोएशियाने ३-० असा विजय मिळवला. उपांत्य फेरीत यजमान फ्रान्सविरुद्ध उत्तरार्ध सुरू होताच असानोविचच्या पासवर शुकेरने क्रोएशियाला आघाडी मिळवून दिली. फ्रान्सचा लिलियन थुराम मागे रेंगाळल्याने शुकेर ऑफसाइड ठरला नव्हता. गंमत अशी, की त्याच थुरामने मिनिटभरात बरोबरी साधली आणि नंतर विजयी गोलही केला. १४२ आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या कारकिर्दीत थुरामचे हे दोनच गोल! क्रोएशियाचे दुर्दैव म्हणतात ते हेच.

त्या वर्षी युरोपातील सर्वोत्तम खेळाडूच्या 'बॅलन डी'ऑर' पुरस्कारासाठी झिनेदिन झिदानच्या खालोखाल शुकेरलाच मते मिळाली. 'फिफा'च्या क्रमवारीत झिदान आणि रोनाल्डो यांच्यानंतर तो तिसरा आला.

उतरणीचा रस्ता

शिखरानंतरची वाट उताराची असते. १९९९ मध्ये शुकेर आर्सेनलकडे गेला आणि लीगमध्ये आठ गोल केले. २००० च्या यूएफा चषकाच्या अंतिम सामन्यात गॅलातासरायविरुद्ध शूटआऊटमध्ये त्याचा फटका खांबावर आदळला. रुमानियाविरुद्ध दोनदा न चुकलेला हाच पाय! त्यानंतर वेस्ट हॅम आणि जर्मनीतील १८६० म्युनिक अशी वाटचाल करून २००३ मध्ये त्याने बूट खुंटीला टांगले.

२००२ च्या विश्वचषकातही तो होता. मेक्सिकोविरुद्धच्या सलामीला त्याला दुसऱ्या सत्रात बाहेर बोलावण्यात आले आणि नंतर तो खेळला नाही. हा निर्णय घेणारे प्रशिक्षक होते मिर्को योझिच. १५ वर्षांपूर्वी चिलीत ज्यांनी त्याला जगासमोर आणले, त्यांच्याच हाताखाली त्याची विश्वचषकातील वाटचाल संपली. ६९ सामन्यांत ४५ गोल ही क्रोएशियाकडून त्याची कमाई. नंतरच्या पिढीतील मारिओ मांजुकिचने ३३ गोलांसाठी ८९ सामने घेतले, यावरून या सरासरीचे मोल कळते.

खुर्चीतील शुकेर

२०१२ मध्ये शुकेर क्रोएशियन फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले आणि २०२१ पर्यंत त्या पदावर राहिले. मैदानावर ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले, त्याच प्रेक्षकांचा मोठा वर्ग आता त्यांच्या विरोधात गेला. दिनामो झाग्रेबचे सर्वेसर्वा झ्द्राव्को मामिच यांचा महासंघावर नको तेवढा प्रभाव असल्याचा चाहत्यांचा आक्षेप होता. मामिच यांना खेळाडूंच्या विक्रीतील गैरव्यवहारांबद्दल न्यायालयाने २०१८ मध्ये दोषी ठरवले. २०१५ मध्ये स्प्लिट येथे इटलीविरुद्धच्या सामन्यात मैदानावर स्वस्तिकाचे नाझी चिन्ह उमटवले गेल्याने संघाचा एक गुण कापला गेला. २०१६ च्या युरोत चेक प्रजासत्ताकाविरुद्ध क्रोएशियाच्याच पाठीराख्यांनी मैदानात पेटती नळकांडी फेकून सामना थांबवला.

याच कालखंडात २०१८ मध्ये क्रोएशिया विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, हेही नमूद करायला हवे. फ्रान्सने तेव्हाही ४-२ असे हरवले. २०२२ मध्ये संघाने पुन्हा तिसरा क्रमांक मिळवला. भारतीय फुटबॉललाही या पिढीचा स्पर्श झाला. चिलीत आणि फ्रान्समध्ये शुकेरसोबत खेळलेला बचावपटू इगोर स्टिमॅच यांनी २०१९ ते २०२४ या काळात भारतीय संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले.

प्रशासक शुकेर यांच्याबद्दल क्रोएशियात मतभेद राहतील. खेळाडू शुकेरबद्दल ते असण्याचे कारण नाही. देश नव्हता तेव्हा तो थांबला, क्लबने बाकावर बसवले तेव्हाही थांबला आणि गोलरक्षकासमोर तर तो नेहमीच क्षणभर थांबत असे. संधी समोर आली तेव्हा मात्र त्याचा डावा पाय क्वचितच चुकला. लुका मॉड्रिचच्या पिढीने पुढे अधिक मोठी मजल मारली, पण लहान देशालाही तिथवर पोहोचता येते हा विश्वास तिला १९९८ च्या त्या सहा गोलांनीच दिला.