दातांवर व्हेनिअर बसवण्याआधी

मुलीला पाहायला पाहुणे येणार आणि तिच्या पुढच्या दातांवर डाग! मग कुणीतरी सुचवतं, "व्हेनिअर बसवून घ्या, नटीसारखं हसू होईल." कल्पना मूळ सिनेमावाल्यांचीच म्हणा! १९३०च्या दशकात हॉलिवूडमध्ये डॉ. चार्ल्स पिंकस नटनट्यांच्या दातांवर पातळ पापुद्रे चिकटवून देत. चित्रीकरण संपलं की ते काढून ठेवायचे. बालनटी शर्ले टेंपलचे दुधाचे दात पडले, त्या फटीही त्यांनीच झाकल्या.

आजचं व्हेनिअर मात्र रात्री उतरवून ठेवायचा दागिना नव्हे. ही चकती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. पण ती बसावी म्हणून बहुधा दाताचं वरचं आवरण, म्हणजे एनॅमल, घासावं लागतं. नख कापलं तर पुन्हा वाढतं, एनॅमल वाढत नाही. दहा-पंधरा वर्षांनी चकती बदलायची वेळ आली, तर घासलेला दात पुन्हा झाकावाच लागतो. विशीतल्या मुलीसाठी हा हिशेब आधीच मांडायला नको का?

तेव्हा दंतवैद्यांना पहिल्यांदा विचारा, डाग कशाचे? चहाचे, मशेरीचे असले तर सफाईने बरेचसे निघतात. (मशेरी सोडायलाच हवी, हे वेगळं सांगायला नको!) यवतमाळ, चंद्रपूरकडे काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त असतं. त्याचे तपकिरी डाग दातातच मुरलेले असतात. तिथे व्हेनिअरचा खरा उपयोग. हिरड्या सुजल्या असतील, दात किडला असेल, तर आधी ते बरं करून घ्या. आणि झोपेत दात खायची किंवा दातांनी सुपारी फोडायची सवय असेल, तर लपवू नका. चकतीचा टवका उडतो.