फिरस्त्या फुटबॉलपटूचा मुक्काम
मैदानातली रोजीरोटी : भाग ६

मागच्या आठवड्यात आपण कंपन्यांच्या फुटबॉल संघांबद्दल बोललो. माहुल-चेंबूरच्या वाचकांना तो विषय समजावून सांगावा लागत नाही. एका बाजूला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनऱ्या, दुसऱ्या बाजूला आरसीएफ. खेळ चांगला असेल तर पोरगा कंपनीत चिकटेल, ही आशा इथल्या घराघरांत होती. सकाळी सराव, मग हजेरीपुस्तकावर सही, संध्याकाळी कूपरेजवर सामना. गुडघा गेला तरी पगार थांबत नसे. एअर इंडिया, ओएनजीसी, रेल्वे, बँका यांच्या संघांनी मुंबईच्या कितीतरी खेळाडूंचे संसार असेच उभे केले.

आजच्या लेखातला खेळाडू या नोकरदार खेळाडूंच्या अगदी उलट टोकाचा आहे. त्याला कायमची नोकरी नव्हती. करार संपला की पुढचा क्लब शोधायचा, नव्या गावात नवं घर बघायचं, नवी भाषा कानावर घ्यायची. त्याचं नाव अराता इझुमी. भारतीय कागदपत्रांवरचं नाव नीलकंठ खंभोळजा.

जन्म ३१ जुलै १९८२, जपानमधल्या शिमोनोसेकी या बंदराच्या शहरात. आई जपानी, वडील गुजराती. २००५ मध्ये तो सिंगापूरला आल्बिरेक्स निगाता या संघाकडून खेळला. हा संघ तेव्हा मूळ जपानी क्लबची शाखा होता, सिंगापूरच्या लीगमध्ये खेळणारी. मायदेशातल्या मोठ्या लीगचं दार ज्यांना उघडत नसे, अशा जपानी तरुणांना तिथे संधी मिळे. २००६ मध्ये तो कोलकात्यात ईस्ट बंगालकडे आला आणि पुढच्या वर्षी मुंबईत महिंद्रा युनायटेडकडे.

महिंद्रा तेव्हा देशातल्या बलाढ्य संघांत गणला जाई. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यांनी डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली जिंकली होती. डेरिक गोव्याचे, साळगावकर आणि महिंद्राकडून खेळलेले, भारताचे माजी खेळाडू. बूट काढले आणि शिट्टी हाती घेतली, असा त्यांचा प्रवास. २००९ मध्ये अराता पुणे एफसीत दाखल झाला. तिथेही डेरिकच प्रशिक्षक होते.

पुण्यात तो खऱ्या अर्थाने रुजला. बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीने २००९-१० च्या आय-लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवला, तर २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सपाठोपाठ दुसरा. मधल्या फळीतून पुढे घुसणारा, दोन बचावपटूंच्या मधली मोकळी जागा हेरणारा खेळाडू म्हणून अराताची ओळख झाली ती याच काळात.

आता पासपोर्टाचा प्रश्न नीट समजून घेऊ, कारण या कारकिर्दीचा कणा तोच आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. वडील भारतीय वंशाचे असले, परदेशी भारतीय नागरिकाचं कार्ड हाती असलं, तरी देशाच्या संघात जागा मिळत नाही. भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा, हे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचं २००८ पासूनचं धोरण आहे. जपानचा कायदाही तितकाच कडक. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की जपानी नागरिकत्व जातं. म्हणजे ज्या देशात जन्मलो, वाढलो, तिथे यापुढे परका म्हणून उतरायचं. जपानी पासपोर्टवर जगातल्या बहुतेक देशांत व्हिसाशिवाय जाता येतं, तेही सोडायचं. अराताने ते सोडलं. २०१२ मध्ये तो भारतीय नागरिक झाला आणि ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध निळ्या जर्सीत उतरला. भारत तो सामना २-४ असा हरला. अराताचं वय तेव्हा तीस होतं, त्यामुळे पुढे देशासाठी त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले.

इतक्या थोड्या सामन्यांसाठी एवढा त्याग कशाला, असं कोणी विचारेल. याचं एक उत्तर व्यवहाराचं आहे. क्लबमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि भारतीय झालेला खेळाडू त्या हिशेबातून सुटतो. पण भारतीय वंशाचे कितीतरी खेळाडू हाच हिशेब मांडून पासपोर्टापाशी थांबले आहेत. अराता थांबला नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने भारतीय नागरिकत्व घेतलं, तेव्हा आधीचं उदाहरण म्हणून सगळ्यांना अराताचंच नाव घ्यावं लागलं.

पुढे इंडियन सुपर लीगमध्ये तो कोलकाता, पुणे सिटी आणि केरळ असा फिरला. इम्फाळच्या नेरोकाकडूनही खेळला. ही यादी वाचून वाटेल, या माणसाच्या पायाला भिंगरी होती. पण तो ज्या क्लबांकडून खेळला, त्यांचं काय झालं ते पाहा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१५ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मिटला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. कोलकात्याचा आयएसएल संघ २०२० मध्ये मोहन बागानमध्ये विलीन झाला. भारतात खेळाडू फिरस्ता होतो तो बहुतेकदा हौसेने नव्हे. त्याच्या पायाखालचा क्लबच काढून घेतला जातो. युरोपातला क्लब शंभर वर्षं एका वस्तीत उभा असतो, आपल्याकडे अनेकदा क्लबचं आयुष्य एका खेळाडूच्या कारकिर्दीपेक्षाही कमी ठरतं. मालकाचा उत्साह आटला की संघ गुंडाळायचा, ही आपल्या फुटबॉलची सर्वांत मोठी जखम आहे.

या भटकंतीतून खेळाडूच्या हाती काय राहतं? माझ्या मते प्रशिक्षकाला लागणारी शिदोरी. गोव्याचे डेरिक, कोलकात्याचा प्रेक्षक, केरळचा उन्माद, मणिपूरची चपळाई, जपानची शिस्त, हे सगळं एका माणसात साठतं. खालिद जमील यांची वाटही अशीच. कुवेतमध्ये जन्म, मग महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसी असा खेळ. दुखापतींनी मैदान सुटल्यावर मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले, २०१६-१७ मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले.

अराताने मात्र मुलांना शिकवण्याचं काम निवडलं. नवी मुंबईत घणसोलीला रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही निवासी अकादमी २०१५ पासून आहे. देशभरातून निवडलेली मुलं तिथे राहतात, शाळा शिकतात आणि फुटबॉल खेळतात. तिथे तो मुख्य प्रशिक्षक झाला. मुहम्मद नेमिल, आयुष छिक्कारा ही आयएसएलमध्ये पोचलेली पोरं याच अकादमीची.

या वयात शिकवायचं म्हणजे नेमकं काय? एक साधी गोष्ट घ्या. मधल्या फळीतल्या मुलाकडे पास येतोय. शिकलेला मुलगा चेंडू पायाशी येण्याआधीच खांद्यावरून दोनदा मागे बघून घेतो. पाठीवर कोण आहे, मोकळं कोण आहे, हे त्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून चेंडू घेताना त्याची कंबर अर्धी वळलेली असते आणि पहिल्याच स्पर्शात तो पुढे सरकतो. न शिकलेला मुलगा चेंडूकडेच बघत राहतो. चेंडू पायात आला की मान वर करतो, तोवर अंगावर माणूस आलेला असतो. हा फरक बारा-तेराव्या वर्षी, रोजच्या सरावातूनच भरून निघतो. पंचविशीत सवय मोडणं फार अवघड.

घणसोली माहुलपासून खाडीपलीकडे आहे. पण माहुलच्या पुनर्वसन वसाहतीत, सात मजली इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात विटांचे गोलपोस्ट लावून खेळणाऱ्या मुलाला हे अंतर फार लांबचं आहे. त्याच्या अंगात कसब असेलही, मान वळवायला सांगणारा माणूस त्याला भेटत नाही. प्रत्येक वस्तीत अकादमी निघणार नाही, हे उघड आहे. प्रत्येक वस्तीत एक शिकलेला प्रशिक्षक मात्र नक्की उभा राहू शकतो.

म्हणून दोन विनंत्या. या पट्ट्यातल्या कंपन्यांनी आपली मैदानं आठवड्यातून काही संध्याकाळी तरी वस्तीतल्या मुलांना उघडी करावीत. आणि अठरा-वीस वर्षांचा तुमचा मुलगा किंवा मुलगी निवड चाचणीत मागे पडली असेल, तर बूट माळ्यावर टाकू नका. प्रशिक्षकाच्या डी परवान्याची चौकशी करा. तिथून सी, बी, ए आणि प्रो अशी शिडी आहे आणि ती चढायला भारताची जर्सी घातलेली असावी लागत नाही. हे परवाने कसे मिळतात आणि त्यातून पोट कसं भरतं, ते पुढच्या आठवड्यात.