दुकान उघडायचं कुणाला विचारून?

कर्वेनगरातल्या एखाद्या सोसायटीच्या तळमजल्यावर गांज्याचं दुकान थाटायचं म्हटलं, तर परवान्यासाठी कुठल्या खिडकीपुढे उभं राहायचं? वॉर्ड ऑफिसात? कलेक्टर कचेरीत? अशी खिडकीच नाही. त्याच गाळ्यात दारूचं दुकान मात्र येऊ शकतं, आणि आलेलं दुकान बंद पाडण्याची किल्ली थेट वॉर्डातल्या बायकांच्या हाती आहे! गाळा एकच, पण दोन नशांना दोन न्याय. हे असं झालं कसं?

आधी झाडाकडे बघू. भांगेच्या जातीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. मादीच्या फुलोऱ्यावर राळेचे बारीक, चिकट थेंब असतात. भिंगाखाली धरा, म्हणजे प्रत्येक थेंब इवल्याशा देठावर काचेच्या टाचणीसारखा उभा दिसेल. नशा मुख्यतः तिथेच. म्हणून जुने शेतकरी नर झाडं वेळीच उपटून टाकत. बी धरलं नाही की फुलोऱ्यात राळ जास्त उतरते, हे त्यांना कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं.

आता कायद्याची सुरी कुठे चालते ते पाहा. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात फुलोरा म्हणजे गांजा, काढलेली राळ म्हणजे चरस. पण फुलोऱ्यापासून सुटी केलेली पानं आणि बिया? त्या गांजा नव्हेत! पानांची भांग या व्याख्येबाहेर राहिली, आणि तिचं काय करायचं ते राज्यांवर आलं. आपल्याकडे तिला राज्याचा दारूबंदी कायदा लागतो. एकाच फांदीवर, चार बोटांच्या अंतरात, कायदा बदलतो. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातही पानं आणि फुलोरा यांच्यात हीच रेघ आहे.

या सगळ्या कायद्यांआधी मात्र गांज्याची दुकानं होती, सरकारी परवान्याची, उघड. मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्याकडे त्याची रीतसर शेती होई. 1893 साली इंग्रज सरकारने या सगळ्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने तब्बल 1,193 साक्षीदारांचं म्हणणं नोंदवलं, सात खंड भरले आणि अखेर सांगितलं की सरसकट बंदी नको, कर लावा आणि आवर घाला. पण मला त्या निष्कर्षापेक्षा प्रश्नावलीतला एक प्रश्न जास्त थक्क करतो. एखाद्या वस्तीत दुकान उघडण्याआधी तिथल्या लोकांची इच्छा विचारात घेतली जाते का, आणि घ्यायला हवी का? परकं सरकार, मताचा अधिकार जवळपास कुणालाच नाही, आणि प्रश्न हा!

त्याचं धडधडीत उत्तर महाराष्ट्राने दिलं, पण दारूच्या बाबतीत. 2008 च्या आदेशानुसार वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, दुकान नको असं निवेदन दिलं की उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं आणि गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली, आडवी बाटली. ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही, तिनेही एका शिक्क्यात दुकानाचा निकाल लावावा, इतकी ही सोपी रचना. महर्षी कर्व्यांनी 1900 मध्ये विधवांचा आश्रम ज्या हिंगण्यात आणला, तेच आजचं कर्वेनगर. बायकांच्या शब्दाला असं कायद्याचं वजन मिळालेलं पाहून इथे तरी अभिमान वाटायलाच हवा.

मेख एका जागी होती. एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. म्हणजे जी बाई मतदानाला आलीच नाही, ती आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला! गावात सगळ्या जणी एकत्र निघतात. शहरात शेजारच्या इमारतीत कोण राहतं तेही माहीत नसतं, तिथे हा आकडा गाठणं महाकठीण.

आणि गांज्याचं काय? एनडीपीएसच्या दहाव्या कलमात राज्यांना या पिकाची परवानगी देण्याचा आणि त्यावर नियम घालण्याचा अधिकार आहे, पण औषध आणि संशोधन यांच्या चौकटीत. तंतू आणि बियांच्या लागवडीचा दरवाजा वेगळा. उत्तराखंडाने 2018 मध्ये तो वापरून कमी नशेच्या भांगेच्या शेतीला परवाना दिला. वॉर्डाला यात कुठेच जागा नाही. कॅलिफोर्नियात नेमकं उलट आहे. 2016 च्या मतदानाने राज्यभर गांजा कायदेशीर झाला, पण आपल्या हद्दीत दुकान येऊ द्यायचं की नाही ते प्रत्येक शहर आणि काउंटी ठरवते. आणि एवढं करूनही तो देशाच्या कायद्यात बेकायदा तो बेकायदाच!

मार्च 2025 मध्ये तत्कालीन उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत दोन गोष्टी सांगितल्या. महापालिका वॉर्डात झालेल्या मतदानापैकी 75 टक्के मतं विरोधात गेली तर दुकान बंद, म्हणजे घरी बसलेल्यांची मतं आता कुणाच्याच खात्यात नाहीत. आणि सोसायटीच्या गाळ्यात नवं बिअर किंवा वाइन शॉप काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल. पाण्याचा टँकर, पार्किंग आणि गळकी गच्ची यांवर वाद घालणाऱ्या सोसायटीच्या सभेत आता 1893 चा तो प्रश्नही येणार, आणि या वेळी उत्तर सही-शिक्क्यानिशी द्यावं लागणार.