गांवाला नर्स हवी, तर ती घडवावी कोठें?

गेल्या वैशाखांत कुलदेवतेच्या दर्शनाच्या निमित्तानें कोंकणांतील आमच्या मूळ गांवीं चार दिवस राहण्याचा योग आला. घराच्या बहुतेक खोल्यांना आतां कुलपें लागलीं आहेत. ऐशीं ओलांडलेले आमचे चुलते आणि काकू, अशीं दोघेंच तेथें राहतात. मुलगा पुण्यास, नात परदेशीं. एके सकाळीं ओटीवर बसलों असतां उपकेंद्राच्या नर्सबाई आल्या. त्यांनीं चुलत्यांचा रक्तदाब पाहिला, उरलेल्या गोळ्या मोजल्या, मिठाबद्दल काकूंना दोन शब्द सुनावले आणि त्या पुढच्या वाडीकडे निघून गेल्या. चुलते म्हणाले, "मुलें फोनवरून प्रकृति विचारतात, प्रत्यक्ष पाहते ती ही बाई. पुढच्या वर्षीं ती निवृत्त होणार. मग आमचें कोण पाहणार, तें सांगा."

त्याच दिवशीं दुपारीं आगरांत कामाला येणारी बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी बारावी उत्तीर्ण झालेली, बोलण्यांत चुणचुणीत. आई म्हणाली, "काका, ही नर्सिंगला जाते म्हणते. पण शहरांत राहायचं, जेवायचं, त्याला पैसा कुठला? आणि काजूच्या कारखान्यांतली हिची मजुरी येते, ती पण बंद होणार. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच सांगा काय करायचं." आम्हांला चटकन् उत्तर देतां आलें नाहीं.

एकाच गांवांत नर्स हवी असलेलीं माणसें आहेत आणि नर्स होऊं इच्छिणारी मुलगीही आहे. या दोहोंची गांठ पडत नाहीं, हें आमच्या मतें आजच्या ग्रामीण आरोग्याच्या प्रश्नाचें मर्म होय. ही गांठ घालण्याचें सामर्थ्य सरकारी तिजोरींत आहे. परंतु तो पैसा कशावर आणि कोठें खर्च होतो, यावर सारें अवलंबून आहे.

हा प्रश्न नवा नाहीं. १९४३ सालीं नेमलेल्या भोर समितीनें १९४६ मध्यें आपला अहवाल सादर केला, तेव्हां साऱ्या देशांत शिक्षित नर्सेस सुमारें ७ हजार, म्हणजे ४३ हजार लोकांमागें एक, असें आढळून आलें होतें. पुढें योजना आंखल्या गेल्या. सपाट प्रदेशांत ५ हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागांत ३ हजार लोकवस्तीमागें एक उपकेंद्र असावें, असें प्रमाण ठरलें. परंतु इमारत मंजुरीनें उभी राहते. माणूस मात्र घडवावा लागतो. साहाय्यक परिचारिकेच्या शिक्षणालाच दोन वर्षें लागतात.

कामावर राहून विद्या शिकण्याची, म्हणजे उमेदवारीची, सोय सरकारनें कायद्यानें केली आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. २०१६ सालीं केंद्र सरकारनें अशी योजना काढली कीं, उमेदवाराच्या नियत विद्यावेतनाचा चतुर्थांश, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, सरकारनें सोसावा. उद्देश चांगला आहे. परंतु २०१९ सालच्या नियमांप्रमाणें उमेदवार घेण्याची सक्ती आहे ती तीस वा अधिक माणसें कामावर असणाऱ्या संस्थांवर. त्याहून लहानांची गोष्ट खुषीची. आतां तीस माणसांचें रुग्णालय आमच्या चुलत्यांच्या गांवीं कोठून असणार? तेव्हां सोय वाढली तरी ती शहराच्या वेशीबाहेर क्वचितच पडते.

शुल्काचेंही तसेंच. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें आठ लक्ष रुपयांपेक्षां कमी वार्षिक उत्पन्नाच्या घरांतील, ठराविक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक पदवीच्या शिक्षणाचें शुल्क माफ केलें. याचें आम्ही मनापासून स्वागत करतों. परंतु त्या आईनें शुल्काचा शब्दही काढला नव्हता. तिची अडचण होती राहण्याजेवण्याची आणि बुडणाऱ्या मजुरीची.

हें मर्म आपल्याकडे फार पूर्वीं ओळखलें गेलें होतें. १९०९ सालीं कै. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यास सेवासदन निघालें. परिचारिकेचें काम पांढरपेशा घरांना कमीपणाचें वाटे, त्या काळीं या संस्थेनें स्त्रियांना तें शिकण्याची वाट मोकळी करून दिली. विद्या देणें आणि विद्यार्थिनीला विश्वासाचें छत्र देणें, हीं दोन्ही कामें एकच आहेत, हें त्या पिढीला कळलें होतें. आमच्या कित्येक वाचकांच्या घरांतील आज्या आणि आत्या अशाच छत्राखालीं स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

शिक्षण खेड्याजवळ नेलें तर काय होतें, याचेंही उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें ३९ गांवांतून तेथल्याच स्त्रियांना नवजात अर्भकांची घरोघर शुश्रूषा करण्यास शिकविलें. १९९९ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तिसऱ्या वर्षीं नवजात मृत्यूंचें प्रमाण तुलनेच्या गांवांच्या मानानें ६२ टक्क्यांनीं घटलें होतें. त्या स्त्रिया पदवीधर नव्हत्या. त्यांना शिकविणारा त्यांच्या दारीं आला होता आणि शिकून झाल्यावर त्यांना परत जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या गेल्याच नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं देशोदेशींच्या सरकारांना हाच सल्ला दिला: खेड्यांत वाढलेल्या मुलामुलींना प्रवेश द्या, शिक्षणसंस्था मोठ्या शहरांबाहेर काढा आणि शिकतांनाच खेड्यांतील काम दाखवा.

यावर कोणी म्हणेल कीं, खेड्यांत शिक्षक कोठून आणावयाचे आणि शिकविण्यापुरते रुग्ण तरी कोठें मिळावयाचे? आक्षेप रास्त आहे. प्रत्येक गांवीं शाळा निघणार नाहीं आणि निघूंही नये. अर्धवट शिक्षण हें नसल्याहून वाईट. परंतु तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत रुग्णांची वाण नाहीं. तेथें जागा वाढवाव्या, मुलींसाठीं वसतिगृह बांधावें आणि विद्यावेतन असें द्यावें कीं बुडालेल्या मजुरीचा कांहीं भाग तरी भरून निघेल. त्याच्या बदल्यांत कांहीं वर्षें तालुक्यांतच नोकरीची अट घातली, तर ती मुलीला जाचक वाटणार नाहीं. तें तर तिचेंच गांव.

हें काम सरकारचें खरें. पण आपलें कांहींच नाहीं असें समजूं नये. ज्यांचे आईबाप आज गांवच्या ओटीवर नर्सबाईंची वाट पाहत बसतात, त्या आपल्यासारख्यांनीं एका मुलीच्या दोन वर्षांच्या राहण्याजेवण्याचा भार उचलणें अवघड नाहीं. आम्हीं निघण्यापूर्वीं त्या आईला तेवढा शब्द दिला आहे. चुलत्यांनीं मुलीला जवळ बोलावून विचारलें, "दोन वर्षांनीं परत येशील ना ग?" ती हंसली आणि म्हणाली, "आजोबा, तोंवर गोळ्या वेळेवर घ्या म्हणजे झालं."