सिकलसेल आणि मूत्रपिंड

सातपुड्यातील एखाद्या आश्रमशाळेत एखादा विद्यार्थी वारंवार लघवीची परवानगी मागतो, रात्री अंथरूण ओले करतो आणि कामचुकार ठरतो. त्यामागे आळस नसून सिकलसेल असू शकतो. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा आदी जमातींत या आनुवंशिक दोषाचे वाहक लक्षणीय प्रमाणात आढळतात.

रोग रक्ताचा; मग मूत्रपिंडाचा संबंध कोठे येतो? या रोगात तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचा एकच घटक बदललेला असतो, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखविले. प्राणवायू कमी होताच असे हिमोग्लोबिन तंतुरूपाने गोठते व पेशी विळ्याप्रमाणे वाकते. (विळा येथे घरोघरी आहे, नावाची फोड करावयास नको.) वाकलेल्या पेशीच्या पटलातून कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत शिरतात. त्यामुळे पटलातील एक सूक्ष्म दार उघडते व पोटॅशियम बाहेर पडते. हंगेरीतील शास्त्रज्ञ गार्डोश यांनी १९५८ मध्ये हा परिणाम नोंदविला. म्हणून या आयनमार्गास त्यांचेच नाव मिळाले. पोटॅशियममागोमाग पाणीही जाते. पेशी आटते, आतील हिमोग्लोबिन दाट होते आणि दाट झालेले हिमोग्लोबिन अधिकच वेगाने गोठते.

मूत्रपिंडाच्या अंतर्भागात या दुष्टचक्रास सर्व काही अनुकूल असते. शरीराचे पाणी वाचविण्यासाठी तेथे क्षार पुष्कळ साठविलेले असतात; प्राणवायू मात्र अल्प. वाकलेल्या पेशींनी तेथील केशवाहिन्या तुंबतात आणि लघवी दाट करण्याची शक्ती बालपणीच क्षीण होते. उन्हात घाम गेला तरी लघवी पातळच होते, शरीर कोरडे पडते व वेदनांचा झटका येऊ शकतो. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांतील रुग्णांना हा धोका विशेष. अशा मुलास वर्गात पाणी पिण्यास व बाहेर जाण्यास मोकळीक देणे हा उपचाराचाच भाग होय. वाहकांतही ही शक्ती काही अंशी उणावते. क्वचित लघवीतून रक्त जाते.

पुढे लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. त्या वेळी काहीच दुखत नाही, म्हणून रुग्णाच्या लघवीची नियमित तपासणी आवश्यक ठरते. पोटॅशियमचे ते दार बंद करणारे सेनिकापोक हे औषध रुग्णांवर अजमावण्यात आले. पेशींचा नाश कमी झाला. वेदनांचे झटके मात्र कमी झाले नाहीत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली दिले जाते.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या रक्ततपासणीवर भर आहे. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. सबब विवाहापूर्वीची तपासणी मोलाची. ग्रामसभेत हे सांगताना आणखी एक गोष्ट सांगावी: झटका आला असता दुकानातून परस्पर आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्या आधीच दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडास अपाय करतात.