रात्रीचे आठ हजार कुणाचे?

"तीन तास वाजवतात आणि आठ हजार घेऊन जातात." भोपाळच्या बारमध्ये शुक्रवार-शनिवारी वाजवणाऱ्या मुलांचा विषय निघाला की आकडा थोडा इकडेतिकडे होतो, वाक्य मात्र हेच असतं. बोलणारी माणसं वाईट नसतात. बऱ्याचदा ती संगीतावर प्रेम करणारी, आपल्या मुलाला गिटारचा क्लास लावणारी असतात. त्यांनी मनातल्या मनात एक भागाकार केलेला असतो : आठ हजार भागिले तीन, म्हणजे तासाला अडीच हजारांच्या वर. मग पुढचं ओघानंच येतं. यांना कसली अडचण, यांनी दर का वाढवून मागावा, घरच्या कार्यक्रमात तासभर तसंच वाजवलं तर काय बिघडलं. हा भागाकार चुकीचा आहे, आणि तो इतक्या वेळा कानावर येतो की आता तो पाटीवर मांडून सोडवायलाच हवा.

पुढचा हिशेब कुठल्याही एका बारचा किंवा बँडचा नाही, रीत समजावी म्हणून घेतलेला आहे. कुणालाही त्यात आपले आकडे घालून पाहता येतील. बँड चार जणांचा, म्हणजे गायक, गिटार, कीबोर्ड आणि ड्रम. रात्रीचे ८,००० रुपये ठरले. बारचा स्वतःचा साउंड नसेल तर तो भाड्यानं आणायचा, त्याचे १,५०० धरू. ड्रमसेट आणि अ‍ॅम्प्लिफायर दुचाकीवरून जात नाहीत. भोपाळात करोंदहून एमपी नगर आठ-दहा किलोमीटर आहे आणि परतीच्या वेळेला सिटी बस नसते, तेव्हा जाण्यायेण्याच्या गाडीचे ७००. कार्यक्रम मिळवून देणाऱ्याचे दहा टक्के म्हणजे ८००. नवी गाणी बसवायला तीन तासांची एक तालीम आणि त्या खोलीचं भाडं ९००. उरले ४,१००. चौघांत वाटले तर प्रत्येकी १,०२५. आता वेळ मोजू. संध्याकाळी पाचला सामान बांधायचं, साडेसहाला साउंडचेक, आठ ते अकरा वाजवायचं, मग तारा गुंडाळून, पैशांसाठी मॅनेजर मोकळा होण्याची वाट पाहून घरी पोचायला साडेबारा. हे साडेसात तास, शिवाय तालमीचे तीन. साडेदहा तासांचे १,०२५ रुपये म्हणजे तासाला सुमारे ९८. अडीच हजारांपासून अठ्ठ्याण्णवपर्यंत आलो, आणि यात तुटलेली तार, फाटलेलं ड्रमचं कातडं, गिटारचा हप्ता अजून धरलेलाच नाही. साउंड बारचाच असेल आणि मधला माणूस नसेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला १,६०० येतील. तासाचा दर तरीही दीडशेच्या आसपासच राहतो.

"पण एका रात्रीचे हजार म्हणजे महिन्याचे तीस हजार झाले ना?" हा दुसरा गुणाकारही तितकाच घाईचा. बारमध्ये लाइव्ह संगीत मुख्यतः शनिवार-रविवारच्या आगेमागे असतं. दर आठवड्याला दोन रात्री मिळाल्या तरी महिन्याला आठ-नऊच होतात. त्यातही २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे, श्रावण आणि नवरात्रात ओसरणारी गर्दी. बारमधलं काम कमी झालं की वादक लग्नांकडे वळतो, पण देवशयनी एकादशीपासून देवउठनीपर्यंत चार महिने लग्नंच थांबतात, म्हणजे श्रावणातली मंदी दोन्हीकडून एकदमच येते. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवावा लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी पदभार घेताच पहिला आदेश काढला तो याच नियमांच्या अंमलबजावणीचा. चार भिंतींच्या आतल्या बारला यातून वाट आहे, गच्चीवरच्या बारला नाही. तिथे दहाला गाणं थांबतं, म्हणजे ज्या वेळी अशा जागा खऱ्या अर्थानं भरू लागतात त्याच वेळी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप अर्थशास्त्राचा आहे, आणि त्याला मान देऊनच उत्तर द्यायला हवं. वाजवणारे पुष्कळ आहेत, जागा थोड्या आहेत, मग दर पडणारच. यात वादकाचा हिशेब काय सांगतो याला बारच्या लेखी काय किंमत? मागणी-पुरवठ्याचा नियम खरा आहे. पण तो नियम नीट चालायला एक अट असते : भाव सगळ्यांना दिसला पाहिजे. करोंदच्या कृषी उपज मंडीत बैरसियाकडून गव्हाची ट्रॉली येते तेव्हा बोली सगळ्यांसमोर लागते. शेजारच्या ढिगाला काय मिळालं ते शेतकऱ्याला ऐकू येतं. सरकारी खरेदीचा दर तर आधीच जाहीर असतो. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामात गव्हाची आधारभूत किंमत क्विंटलला २,४२५ रुपये होती, त्यावर मध्य प्रदेश सरकारनं १७५ रुपये बोनस दिला आणि दर २,६०० झाला. प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती प्रत्येक वेळी हा दर पडतो असं मी म्हणणार नाही. पण कमी मिळाला तर किती कमी मिळाला, हे त्याला सांगता येतं. बारमध्ये वाजवणाऱ्याला तेही सांगता येत नाही. त्याचा भाव फोनवर, एकट्याशी, "बाकीचे तर याच्यापेक्षा कमीत येतात" या वाक्यासह ठरतो, आणि ते वाक्य तपासून पाहायला त्याच्याकडे काहीही साधन नसतं.

कलेचा भाव उघड करणं शक्यच नसतं, असं म्हणणाऱ्यांनी जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव आठवावं. यात्रांचा हंगाम जवळ आला की तमाशाचे फड तिथे एका रांगेत राहुट्या टाकतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, या राहुटीतून त्या राहुटीत जातात, तारीख, कलाकार, पैसे बोलतात आणि सुपारी देतात. सुपारी म्हणजे आगाऊ रक्कम, तारीख पक्की झाल्याची खूण. फडमालकांची दुःखं मोठी आहेत, त्यांचं कर्जही सर्वांना ठाऊक आहे, पण भाव कसा ठरतो याबाबत त्यांचा व्यवहार शहरातल्या वातानुकूलित बारपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. ब्रिटनमध्ये १८९३ साली मँचेस्टरमध्ये स्थापन झालेली म्युझिशियन्स युनियन पबमध्ये वाजवण्याचे किमान शिफारस दर छापून जाहीर करते. ते बंधनकारक नाहीत. तरी नवख्या वादकाला बोलणी कुठून सुरू करायची ते कळतं, आणि एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

रात्रीच्या हिशेबानं पैसे देणं ही काही अनादि रीतही नाही. मुंबईच्या ताजमध्ये १९३० च्या दशकात जाझ बँड हंगामासाठी बांधून घेतले जात. लिऑन अ‍ॅबीचा बँड तिथे आला तो १९३५ साली. त्या काळात घडलेले गोव्याचे वादक पुढे दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवत. त्यांच्यातला चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या संगीताच्या 'अलबेला' चित्रपटात (१९५१) आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. हंगामाचा करार असला की तालमीचा, प्रवासाचा, आजारपणाचा भार थोडा तरी हॉटेलवर पडतो. रात्रीपुरता सौदा केला की तो सगळा वादकाच्या डोक्यावर जातो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला फक्त तीन तास आणि आठ हजार दिसतात.

"मग कायदा काय करतो?" असा प्रश्न रास्त आहे. 'गिग' हा शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जाझ वादकांच्या बोलीत रुळला. एका रात्रीचं वाजवण्याचं काम, एवढाच त्याचा अर्थ होता. आज तो शब्द भारताच्या कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर काम करून कमावणारा तो 'गिग कामगार', अशी व्याख्या आहे. शब्द पाहिले तर बारमधला वादक तीत बसू शकतो. पण या कामगारांसाठीचा निधी उभा राहायचा आहे तो टॅक्सी, खाद्यपदार्थ पोचवणं अशा सेवांच्या अ‍ॅग्रीगेटर कंपन्यांच्या उलाढालीतल्या एक ते दोन टक्क्यांतून. बार ही अशी कंपनी नाही. त्याच दिवशी लागू झालेली वेतन संहिता किमान वेतन सर्व कर्मचाऱ्यांना देऊ करते, पण रात्रीपुरता बोलावलेला वादक कर्मचारी ठरत नाही. ज्यांच्या बोलीतून शब्द आला ते त्या शब्दाच्या संरक्षणाबाहेर उभे आहेत, याची मला मनापासून चीड येते.

दुसरा मोठा गैरसमज लायसन्सचा. "आम्ही गाण्यांचं वर्षाचं लायसन्स भरतो, कलाकारांचे पैसे त्यात आलेच," असं बारचालक सांगतात आणि ग्राहक मान डोलावतात. लायसन्सचे पैसे समोर वाजवणाऱ्याकडे जात नाहीत. १९६९ साली स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशकांसाठी रॉयल्टी गोळा करते. पीपीएलचा संबंध ध्वनिमुद्रणाच्या मालकांशी, म्हणजे मुख्यतः रेकॉर्ड कंपन्यांशी आहे. तिचं लायसन्स बँडच्या मधल्या सुट्टीत रेकॉर्ड लावण्यासाठी लागतं, बँडनं स्वतः वाजवण्यासाठी नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांचे हक्क बळकट केले, पण ती रॉयल्टी त्यांच्या ध्वनिमुद्रित सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर असते. शनिवारी रात्री कुणा दुसऱ्याचं गाणं गाणाऱ्या मुलीला त्या रात्रीपोटी जे मिळतं ते फक्त ठरलेले पैसे. ती स्वतःची गाणी गात असेल, आयपीआरएसची सदस्य असेल आणि बारनं गाण्यांची यादी कळवली असेल, तरच तिच्यासाठी एक वेगळी वाट उघडते.

बाकीचे समज थोडक्यात. "प्रसिद्धी मिळते, तेच मानधन" हे वाक्य बारचा मालक आचाऱ्याला कधी ऐकवत नाही, आणि त्याच्याही पदार्थांची प्रसिद्धी होतच असते. "टिप्समध्ये भरून निघतं" म्हणतात, पण टिप गायिकेच्या हाती पडते, ड्रमवाल्यापर्यंत पोचेलच असं नाही. महाराष्ट्राच्या डान्सबारबाबत सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये नोटा उधळण्यावरची बंदी कायम ठेवली आणि टिप हातात द्यायला मोकळीक दिली, त्यापलीकडे टिपेचा हक्क कुणालाच नाही. "बारमध्ये गाणाऱ्या बायकांची संख्या कायद्यानंच मर्यादित आहे" हेही जुनं झालं. मुंबईच्या ऑर्केस्ट्रा बारमध्ये चार पुरुष आणि चार स्त्रिया अशी घातलेली वाटणी सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहिली, त्यात कोण किती हे बँडनं ठरवायचं. "दारूची दुकानं एवढी आहेत, जागांना काय तोटा" असं म्हणणारे दुकान आणि बार यांत गल्लत करतात. वाजवायला जागा मिळते ती एफएल-२ परवान्याच्या रेस्टॉरंट बारमध्ये किंवा एफएल-३ च्या हॉटेल बारमध्ये. दुकानांजवळचे बसून पिण्याचे अहाते तर मध्य प्रदेशनं एप्रिल २०२३ पासून बंदच केले.

एक आक्षेप राहिला, तो बारचालकाचा, आणि त्यात तथ्य आहे. परवाना शुल्क, भाडं, पगार, पावसाळ्यातल्या रिकाम्या खुर्च्या हे सारं भागवल्यावर चार जणांचा बँड खरोखरच परवडत नसेल. तसं असेल तर दोघांना बोलवावं. गिटार आणि आवाज एवढ्यावर उत्तम रात्र होते, साउंडही छोटा लागतो आणि प्रत्येकाचा वाटा वाढतो. चौघांना दोघांच्या पैशांत बोलावण्याला काटकसर म्हणता येणार नाही, त्यात बारचा तोटा वादकांच्या खिशातून भरला जातो. आणि दोघे असोत की चौघे, बोलणी फोनवर न ठेवता व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत लिहून घ्यावीत : किती जण, किती वाजता पोचायचं आणि किती वेळ वाजवायचं, साउंड कुणाचा, कार्यक्रम रद्द झाला तर किती, निम्मे पैसे आधी आणि उरलेले त्याच रात्री. नारायणगावच्या राहुटीत हे सगळं सुपारी हातात पडण्याआधी बोलून झालेलं असतं.