घरोट, घुंगरू आणि शंभर खुर्च्या

पिंप्राळ्याचं नाव काढलं की जळगावकरांना आषाढी एकादशीचा रथ आठवतो. पंढरपूरला जाणं ज्यांना जमत नाही ती सगळी मंडळी त्या दिवशी आमच्या गल्ल्यांमध्ये येतात. चाकाखाली मोगरी लावणारे घामाघूम झालेले, पुढे लेझीम, मागे भजनी मंडळं, ओट्या-ओट्यावर बायका. अख्खं गाव म्हणजेच रंगमंच! पण रथ एका दिवसाचा. उरलेल्या दिवसांत इथली एखादी मुलगी म्हणाली की मला नाचायचंय, आणि तेही माझ्या मनातलं काहीतरी, तर तिनं ते कुठे करायचं?

हा प्रश्न मला सुचायचं कारण म्हणजे माझी भाची. लहानपणापासून कथ्थक शिकलेली. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या ‘युवारंग’मध्ये लोकनृत्यात असायची. ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुलं आहेत त्यांना ‘युवारंग’ काय असतं ते सांगायला नको. जळगाव, धुळे, नंदुरबारची पोरं-पोरी महिना-महिना तालीम करतात, रात्री जागतात, आवाज बसवून घेतात. आणि डिग्री हातात पडली की सगळं संपतं! मुलं नोकरीला लागतात, मुलींसाठी स्थळं बघायला सुरुवात होते. घुंगरू माळ्यावर जातात.

आमची भाची मात्र हट्टानं पुण्याला गेली. आठवड्याचे पाच दिवस एका शाळेत नृत्य शिकवते, उरलेले दोन दिवस स्वतःची तालीम. तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून एक छोटा प्रयोग बसवला होता, तो बघायला मी मागच्या हिवाळ्यात गेले. पडदा नाही, झालर नाही. जेमतेम शंभर खुर्च्या, तिकीट दोनशे रुपये. पहिल्या रांगेतल्या माणसानं पाय लांब केला तर नाचणारीला लागेल, इतकं सगळं जवळ. मी मनात म्हटलं, हे काय थिएटर म्हणायचं?

मग अंधार झाला आणि घरोटाचा आवाज आला. जात्याला आमच्याकडे घरोट म्हणतात. एका मैत्रिणीनं खेड्यात जाऊन खऱ्या घरोटाची घरघर रेकॉर्ड करून आणलेली. तीच त्यांची तालवाद्य आणि तीच त्यांची तानपुरा! दुसरी मुलगी ओव्या म्हणत होती, आणि भाची त्या घरघरीवर पायानं बोलत होती. सुरुवातीला घुंगरू होते. मध्येच तिनं बसून ते सोडले आणि पुढचा भाग अनवाणी केला. नुसत्या तळव्याचा आवाज, आणि श्वास. मोठ्या नाट्यगृहात चौदाव्या रांगेत बसून मला तो श्वास कधीच ऐकू आला नसता. लहान जागेचं महत्त्व मला तिथे कळलं.

नाटकवाल्यांना हे फार आधी कळलं होतं. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून ‘आविष्कार’नं जी प्रायोगिक नाटकं केली, त्यातून केवढी माणसं घडली! सुलभा देशपांडे त्या ‘आविष्कार’च्या संस्थापकांपैकी एक. १९७८ मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर उघडलं. दोनशेच्या आसपास प्रेक्षक, आणि तेही तीन बाजूंनी बसलेले. अशा ठिकाणी भाडं आवाक्यात असतं, आणि मुख्य म्हणजे प्रयोग फसला तरी कुणी दिवाळखोर होत नाही. फसायला जागा लागते हो! स्वयंपाकघरात पहिली भाकरी वेडीवाकडी होते, ती आपण लग्नाच्या पंगतीत नाही वाढत.

नृत्यात बायकांनी असे प्रयोग केले त्याबद्दल मात्र आपल्याकडे कमी बोललं जातं. सुचेता भिडे-चापेकर यांनी भरतनाट्यमला हिंदुस्थानी रागसंगीताची जोड देऊन ‘नृत्यगंगा’ उभी केली, तंजावरच्या मराठी राजांच्या रचना अभ्यासून त्या रंगमंचावर आणल्या. दक्षिणेची नृत्यशैली आणि आपली मराठी भाषा, एकत्र! ठाणे जिल्ह्यातल्या वाड्याला (आताचा पालघर जिल्हा) जन्मलेल्या चंद्रलेखांनी १९८५ च्या ‘अंगिका’त भरतनाट्यमबरोबर कलरीपयट्टू आणि योग आणला. त्यातून देवादिकांच्या कथा बाजूला ठेवल्या आणि शरीरालाच बोलू दिलं. या दोघींनीही आधी परंपरा वर्षानुवर्षं घोटली होती, हे विसरायचं नाही. आजकाल सहा महिने क्लास लावून ‘फ्यूजन’ करणाऱ्यांबद्दल मला फारसं प्रेम नाही, हे इथेच सांगून टाकते.

ओव्या कुठून मिळाल्या, मी भाचीला विचारलं. म्हणाली, “मावशी, हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्यात. त्या आता ‘पारी’च्या संग्रहात ऐकता येतात. पण आपल्याकडच्या मला पाहिजेत. आपल्या बोलीतल्या.” बरोबरच आहे. जिथे आसोद्याच्या बहिणाबाईंनी अक्षरओळख नसताना गाणी रचली, मुलानं ती उतरवून ठेवली म्हणून १९५२ मध्ये, म्हणजे त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं, तिथल्या मुलीनं ओव्या पुण्याहून का आणाव्यात?

म्हणून ठरलं, प्रयोग पिंप्राळ्यात करायचा.

आता जागा. शहरात छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे, पण ते केवढं! शंभर माणसं त्यात बसवली तर बाजार उठल्यासारखं दिसेल. बालगंधर्व खुलं नाट्यगृह आहे. स्वतः बालगंधर्व लहानपणी जळगावात मेहबूबखाँकडे गाणं शिकले, त्यांच्या नावानं जानेवारीत संगीत महोत्सवही होतो आणि त्यात नव्या दमाच्या कलाकारांना आवर्जून बोलावतात. पण आमच्या मुलींना तळव्यांचा आवाज ऐकवायचा होता, उघड्यावर तो हरवला असता. एका मंगल कार्यालयानं भाडं सांगितलं ते ऐकून आम्ही चहासुद्धा न पिता उठलो. शेवटी देवळाचा सभामंडप मिळाला, तोही “नाच म्हणजे नक्की कसला?” या प्रश्नाचं तीनदा उत्तर दिल्यावर.

याच काळात भाचीला एक स्थळ आलं होतं. घर चांगलं, मुलगा चांगला. चहा-पोहे झाल्यावर मुलाच्या आईनं सहज विचारलं, “लग्नानंतर हे बंदच करणार ना?” माझ्या बहिणीनं माझ्याकडे बघितलं. भाची म्हणाली, “नाही काकू. तुम्ही एकदा बघायला या, मग बोलू.” त्यावर कुणी काही बोललं नाही.

प्रयोगाला सत्तरेक बायका आल्या. काही मुलं, दारापाशी संकोचून उभे पाच-सहा पुरुष. अर्ध्या बायकांना वाटलं भजन आहे. घरघर सुरू झाली तशी कुजबुज थांबली. दुसऱ्या-तिसऱ्या ओवीला मागून कुणीतरी पुढचं चरण आधीच म्हटलं. मग आणखी एकीनं. गाणारी मुलगी हुशार, ती थांबली आणि त्यांना म्हणू दिलं. हे पुण्यात झालं नव्हतं.

संपल्यावर आमच्या गल्लीतल्या जिजी, वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत पुढे आल्या. मला वाटलं आशीर्वाद देतील. त्या म्हणाल्या, “दोन्ही हातानं खुटा धरला, मंग दाने कोन टाकतं वं माय?” आणि खाली बसून दाखवलं. एक हात खुंट्यावर, तो फिरत राहतो. दुसरा हात मुठीनं दाणे टाकतो, तोही घरोट न थांबवता. पाठ कशी वाकते, एक पाय पसरलेला कसा असतो, डुलकी आली तर मान कशी सावरते. भाची समोर बसून तिथल्या तिथे ते शिकू लागली. एका हाताची लय वेगळी, दुसऱ्याची वेगळी. “मावशी, ही तर लयकारी आहे!” ती ओरडली. जिजींना तो शब्द कळला नाही. त्या म्हणाल्या, पहाटे चारला उठून करायची, तेव्हा कळंल.

पुरुषांपैकी एकानं विचारलं, यात करमणूक काय? रास्त प्रश्न होता. मुलींनी शांतपणे उत्तर द्यायचा प्रयत्न केला, त्याला काही ते पटलं नाही. पण शेवटपर्यंत थांबला होता, ते मी पाहिलं.

जमाखर्च सांगते, कारण तोच कुणी सांगत नाही. तिकीट ठेवलं नव्हतं, दारात डबा ठेवला होता. त्यात निघालेल्या पैशांत स्पीकरचं भाडं आणि मुलींचं येण्याचं तिकीट सुटलं, जाण्याचं मी आणि बहिणीनं घातलं. फरशीवर नाचून भाचीचे गुडघे दोन दिवस सुजले होते. कथ्थकच्या पायांना खाली थोडं लवचिक लाकूड लागतं, दगडावर आपटलेला प्रत्येक ठेका सरळ सांध्यात जातो. लहान का होईना, लाकडी फरशीची एक खोली गावात हवी, असं आता आम्ही चार जणी सगळ्यांना सांगत फिरतोय. भिशीतल्या बायका हसतात, पण दोघींनी पैसे द्यायचं कबूल केलंय.

ते मुलाकडचे काही आले नाहीत. निरोपही नाही. बहीण थोडे दिवस गप्प होती, मग तिनंच विषय काढला की पुढचा प्रयोग कधी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा बायका रात्रभर जागतात आणि गातात. ती गाणी येणाऱ्या आठ-दहा जणींची नावं जिजींनी सांगितलीत, त्यातल्या तिघी धुळ्याकडच्या. भाची सुट्टी काढून येतेय. आणि समोरच्या सुतारानं प्लायवूडच्या सहा शीट द्यायचं मान्य केलंय, खिळे न मारता परत करायच्या अटीवर.